आकड्यांत लिहिलेली नावं



१६३ डॉट कॉम. १२३०६ डॉट सीएन. ५१जॉब डॉट कॉम. ५८ डॉट कॉम. ही लॉटरीची तिकिटं नाहीत, की एस.टी.च्या गाड्यांचे नंबरही नाहीत. हे चीनमधल्या बड्या बड्या संकेतस्थळांचे पत्ते आहेत. आपल्याकडे दुकानाला नाव द्यायचं तर 'श्रीकृष्ण', 'समर्थ', निदान 'न्यू भारत' तरी! आणि या लोकांनी पाटीवर चक्क आकडे लिहिलेत. हे वेडगळ दिसणारे पत्ते लाखो डॉलरना विकले गेले आहेत, हे वाचल्यावर तर माझी झोपच उडाली. गेले काही महिने जमेल तसं यावर वाचते आहे. त्यामागचं घरगुती कारण पुढे येईलच.

आधी थोडी उजळणी. महाजालावरच्या प्रत्येक संगणकाचा खरा पत्ता म्हणजे आकड्यांची एक माळ असते. यंत्राला ती चालते, पण माणसाच्या डोक्यात राहत नाही. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने आकड्यांच्या जागी नावं वापरायची व्यवस्था आखली. यंत्राने आकडे सांभाळावेत, माणसाने नाव लक्षात ठेवावं, अशी वाटणी. १५ मार्च १९८५ रोजी पहिलं 'डॉट कॉम' नाव नोंदलं गेलं. या नावांत काय चालेल? ए ते झेड ही रोमन अक्षरं, शून्य ते नऊ हे आकडे आणि एक छोटी आडवी रेघ. बस्स. बाकी जगातल्या लिप्या दाराबाहेर.

आता गंमत बघा. आकडे पाठ करायला नकोत म्हणून नावं आली, आणि चिनी माणसाने नावाच्या जागी पुन्हा आकडेच आणून ठेवले. का? कारण त्याला रोमन अक्षरांपेक्षा आकडेच जवळचे होते.

चीनचं पहिलं ई-पत्र सप्टेंबर १९८७ मध्ये बीजिंगहून जर्मनीतल्या कार्ल्सरूहे विद्यापीठात गेलं. चीनची भिंत ओलांडून आम्ही आता जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचू शकतो, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता, आणि तो जर्मन व इंग्रजीत होता! 'डॉट सीएन' ही चीनची स्वतःची ओळख नोव्हेंबर १९९० मध्ये नोंदली गेली, पण ती सांभाळणारा संगणक १९९४ पर्यंत कार्ल्सरूहेलाच होता. म्हणजे घर बीजिंगला आणि दारावरची पाटी जर्मनीत. एप्रिल १९९४ मध्ये चीन महाजालाशी पूर्णपणे जोडला गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पाटीही घरी आली.

त्या काळी महाजालावर जायचं म्हणजे टेलिफोन फिरवायचा. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी सेवा सुरू केली, तेव्हाचा तो मोडेमचा कर्रर्र आवाज आठवतो ना? चीनमध्ये जो क्रमांक फिरवायचा तो होता १६३. डिंग लेइ नावाच्या तरुणाने १९९७ साली ग्वांगझोउ शहरात कंपनी काढली. तो आधी टेलिफोन खात्यातच नोकरीला होता. त्याच्या कंपनीचा पत्ता झाला १६३ डॉट कॉम! ज्या आकड्याने महाजालाचं दार उघडायचं, तोच आकडा दारावरची पाटी झाला. लोकांना तो आधीच तोंडपाठ. जाहिरातीचा अर्धा खर्च तिथेच वाचला म्हणायचा.

१९९९ मध्ये वांग जुनताओ यांनी घरबसल्या खरेदीचं संकेतस्थळ काढलं, त्याचं नाव ८८४८. भूगोलवाल्यांनी ओळखलं असेलच. एव्हरेस्टची उंची, मीटरमध्ये! काही वर्षांतच ते मागे पडलं, पण नावाची कल्पना मात्र झकास होती. रेल्वेची तिकिटं २०११ पासून १२३०६ या पत्त्यावर मिळू लागली, कारण रेल्वेच्या चौकशीचा फोनही १२३०६. खेड्यातून शहरात कामाला आलेला आणि दिवाळीसारख्या त्यांच्या नववर्षाच्या सणाला गावी जायला निघालेला माणूस इंग्रजी स्पेलिंग कुठून आणणार? पाच आकडे मात्र तो बरोबर दाबतो.

हे झालं टेलिफोनचं. पण आकडे बोलतात ते वेगळ्याच कारणाने. चिनी भाषेत एकसारख्या उच्चाराचे शब्द फार. सूर बदलला की अर्थ बदलतो. चारला म्हणतात 'स्स' आणि मरणालाही 'स्स', फक्त सूर निराळा. म्हणून चारचा आकडा अशुभ. आठ म्हणजे 'बा', आणि तो भरभराटीच्या 'फा'शी मिळताजुळता. म्हणून आठ भाग्याचा. बीजिंगचं ऑलिंपिक ८ ऑगस्ट २००८ ला रात्री आठ वाजता सुरू झालं, ते काही उगाच नाही. २००३ साली सिच्वान एअरलाइन्सने ८८८८-८८८८ हा फोन क्रमांक लिलावात २३ लाख ३० हजार युआनना घेतला होता.

फोनवर आकडे सांगताना एकला 'याव' म्हणतात. पाच म्हणजे 'वू'. मग ५१ झालं 'वू याव', आणि ते ऐकू येतं 'वो याव', म्हणजे 'मला हवं'. आता ५१जॉब वाचा: 'मला नोकरी हवी'! ५२० म्हणजे 'वू अर् लिंग', ते 'वो आय नी'च्या जवळ जातं, म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. (तरुण मंडळी २० मे हा दिवस त्यासाठी साजरा करतात म्हणे!) १६८ म्हणजे 'वाटभर भरभराट'. मॅकडॉनल्ड्सने घरपोच सेवेसाठी घेतलेला क्रमांक ४००८-५१७-५१७, आणि तोच संकेतस्थळाचा पत्ता. ५१७ चा ध्वनी 'मला खायचंय'! दोनदा. लहान मूल हट्ट करतं तसं.

आपल्याकडे नाही का 'छत्तीसचा आकडा'? पण फरक बघा. आपला छत्तीस डोळ्यांनी वाचायचा. देवनागरीत तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून भांडण. इंग्रजी आकड्यांत लिहिलं की ते भांडण मिटलंच! चिनी आकडे कानांनी वाचायचे. दोन्हीकडे तत्त्व एकच: आकडा सर्वांचा, अर्थ मात्र घरच्यांचा. परक्याला तो दिसतो, पण कळत नाही.

आता रोमन अक्षरांच्या नावांकडे येऊ, आणि इथे मला एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. झोउ युगुआंग हे मूळचे अर्थशास्त्राचे आणि बँकेतले. न्यूयॉर्कला काम करून १९४९ मध्ये मायदेशी परतले. १९५५ साली सरकारने त्यांना भाषासुधारणेच्या समितीवर बोलावलं. भाषा हा त्यांचा हौसेचा विषय. तीन वर्षं खपून या मंडळींनी चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत बसवली. तिचं नाव 'पिनयिन'. ११ फेब्रुवारी १९५८ रोजी चिनी संसदेने तिला मान्यता दिली. उद्देश अगदी मास्तरकीचा: पहिलीतल्या मुलाला आणि निरक्षर प्रौढाला हजारो चित्राक्षरांचा उच्चार शिकवायला एक शिडी हवी होती. पुढे सांस्कृतिक क्रांतीत झोउंना शेतमजुरीला धाडलं गेलं, तेही त्यांनी सोसलं. २०१७ च्या जानेवारीत, एकशे अकरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले.

शाळेत पहिलीच्या वर्गासाठी केलेली ती शिडी पुढे संगणकाचा कळफलक झाली. चिनी माणूस पिनयिनमध्ये टंकतो आणि समोर आलेल्या अक्षरांतून हवं ते निवडतो. संकेतस्थळांची नावंही त्याच शिडीवरून आली. २००० साली निघालेलं 'बायडू' हे नाव शिन चीजी या सोंग राजवटीतल्या कवीच्या एका ओळीतून घेतलेलं. अर्थ साधारण 'शंभरदा'. शोध घेणाऱ्या यंत्राला किती शोभतं! शाओमी म्हणजे एक बारीक धान्य, आपल्या राळ्यासारखं, आणि नुसतं 'मी' म्हणजे तांदूळ. २०१४ मध्ये त्या कंपनीने एमआय डॉट कॉम हा पत्ता ३६ लाख डॉलरना घेतला. दोन अक्षरांना ३६ लाख! २०१५ मध्ये ३६० डॉट कॉम या नावाला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर पडल्याच्या बातम्या आल्या.

पण या शिडीची एक पायरी सैल आहे. पत्त्यात सूर लिहिता येत नाहीत. सूर काढले की चिनी भाषेत उरतात सुमारे ४०० उच्चार, आणि शब्द तर हजारो. आपल्या भाषेत सांगायचं तर 'मला', 'माला', 'माळा' आणि 'मळा' हे चारही शब्द रोमन लिपीत एकसारखेच लिहिले जातात. त्यातून चिनी लोकांना आवडतात आद्याक्षरं. 'जेडी' म्हणजे जिंगदोंग हे खरेदीचं संकेतस्थळ. २०१३ पासून त्याचा पत्ता जेडी डॉट कॉम. पण 'जेडी' म्हणजे जिउदियान, हॉटेल, हेही होईल. जियादियान, घरगुती विजेची उपकरणं, हेही होईल. एका पाटीवर दहा दुकानदार हक्क सांगू शकतात. आणि जितके गिऱ्हाईक, तितका भाव! आपल्याला जी संदिग्धता वाटते, तीच बाजारात किंमत ठरली.

इथे आता माझ्या भाच्याची हकिगत सांगते. त्याचा पुण्याजवळ पंपाचे सुटे भाग करायचा छोटा कारखाना आहे. एक दिवस त्याचा फोन आला, "मावशी, तू इतिहास शिकवलास ना, चीनचं काही कळतं का तुला?" त्याला एक ई-पत्र आलं होतं. आम्ही चीनमधले नावनोंदणी करणारे, तुमच्या कंपनीचं नाव दुसरी एक कंपनी 'डॉट सीएन'खाली नोंदवायला आली आहे, तुमची हरकत असेल तर त्वरित कळवा. बिचारा घाबरला. वडिलांच्या नावाने काढलेला कारखाना, ते नाव परक्याच्या दारावर लागणार! त्याला म्हटलं, आज उत्तर देऊ नकोस, वकिलाला विचार. वकिलाने हसून सांगितलं की ही पत्रं कित्येक वर्षं जगभर फिरताहेत. उत्तर दिलं की मग दहा-बारा नावं अव्वाच्या सव्वा दराने गळ्यात मारतात. नाव नोंदवणारा खरा माणूस असली चौकशी करत बसत नाही. पहिला येईल त्याला नाव, असा साधा नियम. भाच्याने उत्तर दिलं नाही, आणि पुढे काही घडलंही नाही.

पण भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं. चीनमध्ये व्यापारचिन्ह सहसा जो आधी नोंदवील त्याचं. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं चिनी रूप 'चियाओदान'. त्या नावाने चीनमधली एक कंपनी क्रीडासाहित्य विकत होती. जॉर्डनने २०१२ मध्ये दावा लावला. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: चिनी चित्राक्षरांत लिहिलेल्या नावावर जॉर्डनचा हक्क, पण रोमन अक्षरांतल्या 'चियाओदान'वर नाही! मी हा निकाल दोनदा वाचला. लिपी बदलली की माणसाचं नावावरचं स्वामित्वही बदलतं, हे न्यायालयाच्या तोंडून ऐकणं विलक्षण वाटलं.

आता २०१५ च्या तापाबद्दल. त्या वर्षी जूनमध्ये शांघायचा शेअर बाजार कोसळला. हातात पैसा असलेले लोक नवी जागा शोधू लागले, आणि काहींची नजर पडली संकेतस्थळांच्या नावांवर. चार रोमन अक्षरांची एकूण नावं किती होतील? २६ चा चौथा घात, म्हणजे ४,५६,९७६. त्यातून पाच स्वर आणि व्ही काढा. पिनयिनमध्ये आय, यू आणि व्हीने शब्दच सुरू होत नाही, आणि ए, ई, ओने फार थोडे सुरू होतात. उरली २० अक्षरं, म्हणून १,६०,००० नावं. यांना बाजारात 'चिप' म्हणू लागले. तसंच आकड्यांचं. पाच आकडी नावं एक लाख, चारचा अशुभ आकडा गाळला तर ५९,०४९. मोजता येणारा माल, नवा तयार होणार नाही, गुदामाचं भाडं नाही. सोन्याच्या बिस्किटांसारखी खरेदी सुरू झाली.

मला यात सगळ्यात खटकलं ते हे. १६३ ला अर्थ होता, ५१ ला अर्थ होता. पण या चार अक्षरांच्या पुडक्यांत कोणी कुठला शब्द शोधत नव्हतं. अर्थ 'असू शकेल' एवढ्यावर किंमत! २०१६ उजाडल्यावर ज्वर ओसरला आणि भाव घसरले. शेवटी ज्याच्या हातात माल राहिला, त्याच्याकडे काय होतं? दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, नुसत्या पाट्या. बरं, पाटी घरात लावूनही वापरता येत नाही!

नावाची किंमत सरकारही ठरवतं, हे तर आणखी वेगळं प्रकरण. २००७ मध्ये चीनने 'डॉट सीएन' नाव एका युआनला देऊ केलं. मग काय, झुंबड! २००८ च्या अखेरीस अशी नावं सव्वा कोटीच्या वर गेली, देशांच्या नावांत जगात पहिला क्रमांक. आणि डिसेंबर २००९ मध्ये फर्मान निघालं की आता नाव फक्त नोंदणीकृत संस्थेला, व्यक्तीला नाही. कारण दिलं अश्लील संकेतस्थळांचं. दोन वर्षांत आकडा चाळीस लाखांच्या खाली आला. मे २०१२ मध्ये व्यक्तींना पुन्हा परवानगी मिळाली. शिवाय चीनमधल्या यंत्रावर संकेतस्थळ ठेवायचं तर सरकारदरबारी नोंद हवीच. त्या नोंदीचा क्रमांक पानाच्या तळाशी लिहावा लागतो. आपण अनुदिनीवाले घरी बसून वाट्टेल ते नाव घेतो आणि लिहायला लागतो. त्या दोन-अडीच वर्षांत तिथल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला स्वतःच्या देशाच्या पाटीखाली स्वतःचं नाव लावता येत नव्हतं. या सगळ्या वाचनात हा तपशील मला सर्वांत जास्त लागला.

यथावकाश चिनी लिपीलाही दार उघडलं. २०१० मध्ये 'डॉट चोंगगुओ', म्हणजे 'डॉट चीन', चित्राक्षरांत मान्य झालं. पण तोवर मोठ्या कंपन्यांचे आकडे आणि आद्याक्षरं लोकांच्या बोटांत बसली होती. पुढे २०१७ मध्ये वुइचॅटने आपल्या पोटातच छोटी छोटी दुकानं मांडायची सोय केली. आता तो काळा-पांढरा चौकोन मोबाईलसमोर धरला की दुकान उघडतं. पत्ता टंकायचाच नाही, मग त्याच्या नावाची महती काय राहणार? कंपन्यांना चांगलं नाव आजही हवं असतं, पण आकडे पाठ करणारी ती पिढी मागे पडते आहे. ज्यांनी 'मला हवं' हे ५१ मध्ये ऐकलं, त्यांच्याबरोबर ती खुबीही थोडी थोडी जाईल.

आणि आपण? २७ ऑगस्ट २०१४ ला 'डॉट भारत' देवनागरीत सुरू झालं. मराठीतला पूर्ण पत्ता, 'ळ' सकट, लिहिता येतो. तरी तुमच्या-माझ्या अनुदिन्यांकडे बघा: मथळा मराठी, मजकूर मराठी, आणि पत्ता मात्र रोमन, ज्यात 'काळे' आणि 'काले' एकच. चिनी माणसाने परक्या लिपीच्या कुंपणातूनही आपले शब्द बाहेर काढले, आकड्यांना बोलायला लावलं. आपल्यापुढे कुंपण उघडं आहे, आणि आपण अजून अलीकडेच उभे. सवयीचा भाग असेल, किंवा कळफलकाचा. मला वाटतं, मराठी पत्ता कोणी टाइप करील का, अशी आपल्यालाच शंका असते.

असो. फार लांबलं. चिनी जाणणारं कोणी घरात असेल तर माझे उच्चार तपासून द्या, देवनागरीत ते सूर काही उतरत नाहीत. आणि तुमच्यापैकी कोणी 'डॉट भारत'वर पाटी लावली असेल तर जरूर कळवा. मी पत्ता मराठीतच टाइप करून येईन.